देवाचे ताट आणि दुकानाचा गल्ला

रोह्याच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर माझा दिवस स्नान, संध्या, पूजा आणि थोडेसे वाचन यांत सुखाने मावत असे. अशात एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी वरसे येथे माझ्या घरी आली. ही पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली मुलगी. रोह्याला मामाकडे राहून ती शिकली होती. आता पेणच्या रामवाडीत विशेष मुलांसाठी, म्हणजे ज्यांची बुद्धी इतरांहून संथ पावलांनी चालते अशा मुलांसाठी, ती एक लहानसा वर्ग चालवते.

“सर, आमच्या मुलांना प्रार्थना शिकवाल का?” तिने विचारले. “शिकवणारे पुष्कळ मिळतात. घाई न करणारा माणूस मिळत नाही.”

त्या एका वाक्यावर मी होकार दिला. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीने नागोठणे ओलांडून मी पेणला जाऊ लागलो. प्रार्थना थोड्या वेळात आटोपत असे, परतीची गाडी मात्र दुपारची असे. मधला वेळ मी वर्गाच्या मागच्या बाकावर काढू लागलो. समोर माझी ती विद्यार्थिनी, म्हणजे मुलांच्या बाई, पैसा शिकवीत. वयाने त्या माझ्या लेकीएवढ्या. तरी त्या खोलीत पाऊल टाकताच मीही त्यांना बाईच म्हणू लागलो, आणि ते मला कधी वावगे वाटले नाही.

पैसा हा काही शिकवण्याचा विषय आहे, असे मला तोवर वाटले नव्हते. आपण बोलायला शिकतो तसा तोही कधीतरी आपोआप अंगवळणी पडतो, अशी माझी समजूत होती. बाईंनी मला एकदा शांतपणे सांगितले, “सर, ज्याला वाचता येत नाही त्याला कोणी ना कोणी वाचून दाखवतं. ज्याला पैसे मोजता येत नाहीत त्याला कोणी मोजून देत नाही.”

त्यांच्या वर्गात खेळण्यातल्या खोट्या नोटा नव्हत्या. लाकडी पेटीत खरी नाणी, खऱ्या नोटा असत. मुले आठवड्यातले दोन दिवस रद्दीच्या कागदाच्या पिशव्या चिकटवीत. त्या पेणमधले एक औषधाचे दुकान घेई. शुक्रवारी प्रत्येकाच्या हातावर त्याच्या पिशव्यांचे पैसे ठेवले जात. दुसऱ्याचा पैसा मूल खेळणे म्हणून हाताळते, स्वतःच्या श्रमाचा पैसा मात्र मूठ आवळून धरते, असे बाईंचे सांगणे होते, आणि त्या आवळलेल्या मुठी मी स्वतः पाहिल्या आहेत.

सात वर्षांचे एक बालक त्या वर्गात होते. त्याला नाणी जितकी अधिक, तितका पैसा अधिक वाटे. एका शुक्रवारी त्याने आपले दहाचे नाणे शेजारच्या मुलाला देऊन एकेक रुपयाची चार नाणी घेतली आणि सकाळभर ती वाजवीत हिंडला. बाईंनी हे पाहिले. मधल्या सुट्टीत त्यांनी त्या दोघांनाही कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे नेले. ज्याच्याकडे एकच नाणे होते त्याला दहाचा साधा वडा मिळाला. ज्याच्याकडे चार होती त्याच्याकडे पाहून वडेवाला म्हणाला, “याच्यात फक्त मिरची मिळंल रे राजा.” बालकाने मुकाट्याने मिरची घेतली. परत येताना बाईंनी दुसरा वडा आपल्या पैशाने विकत घेऊन त्याला दिला. पण तो वर्गात पोहोचल्यावर. मिरचीचा अनुभव त्यांनी रस्ताभर त्याच्या हातात राहू दिला.

‘चूक’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मुलाने वीसच्या वस्तूसाठी दहाची नोट पुढे केली की त्या एवढेच विचारीत, “दुकानदार काय म्हणेल?” आणि दुकानदार म्हणून त्यांनी मला बसवले होते. एका टेबलावर साबण, बिस्किटाचे पुडे, काड्यापेट्या मांडून मी बसे आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे म्हणे, “अजून लागतील, बाळा.” मी रागवायचे नाही, मदतही करायची नाही, अशी मला सक्त ताकीद होती. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती.

सुट्टे देण्याची त्यांची रीत विशेष होती. वजाबाकी त्या मुलांच्या वाटेला जाऊ देत नसत. एका जाड कापडाच्या पट्टीवर त्यांनी दहापासून शंभरपर्यंत दहा-दहाचे टप्पे ओळीने शिवून घेतले होते. वस्तू साठ रुपयांची असेल आणि गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली असेल, तर साठावर बोट ठेवायचे आणि शंभर येईपर्यंत एकेक टप्पा चढत जायचे. प्रत्येक टप्प्याला दहाची नोट. “साठ-सत्तर, सत्तर-ऐंशी, ऐंशी-नव्वद, नव्वद-शंभर,” असे मुले एका सुरात म्हणत. बालपणी वेदपाठशाळेत आम्ही क्रमपाठ म्हणत असू तो मला आठवे: पहिले पद दुसऱ्याला जोडून, मग दुसरे तिसऱ्याला, तिसरे चौथ्याला. त्या रीतीत एकही पद एकटे सुटत नाही, म्हणून ते हरवतही नाही. बाईंनी वेदपाठ कधी ऐकलेला नव्हता. मुलांच्या गरजेतून त्या आपल्या पायांनी त्याच वाटेवर येऊन पोहोचल्या होत्या. मला त्या वेळी मनोमन हात जोडावेसे वाटले.

त्या वर्गातली सर्वांत मोठी विद्यार्थिनी एकोणीस वर्षांची होती. तिचे बोलणे स्पष्ट होते, परंतु प्रत्येक वाक्याआधी ती क्षणभर थांबे, जणू शब्द आतून बोलावून आणावे लागत. आई लहानपणीच गेलेली. वडील पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात देवळाची पूजा करीत. त्यांचेही वय झाले होते. एक दिवस ते वर्गात आले आणि दारातच उभे राहिले.

“बाई, दिवाळीनंतर हिला घाटावर पाठवायची म्हंतो. तिथं अशा पोरींची राहन्याची संस्था हाय. माझ्यामागं हिला कोन बघील?”

“तिला विचारलंत?” बाई म्हणाल्या.

वडिलांनी मुलीकडे पाहिले. ती काड्यापेट्यांची रास लावीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी नाय जानार.”

“नाय म्हनायला काय जातंय,” वडील हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मार्ग निघाला तो त्यांच्या थोरल्या बहिणीकडून. मुलीची ही आत्या रोह्याला बाजारपेठेत एक छोटे दुकान चालवी: जाडे पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंडे, वाल, आमसुले. कंबरेच्या दुखण्याने तिला गल्ल्यावर बसवत नव्हते. तिने भावाला निरोप धाडला: एक पूर्ण सकाळ पोरीने दुकान एकटीने सांभाळून दाखवावे, जमले तर ती आपल्याकडेच राहील. “मला बसायला मानूस हवा,” आत्या म्हणाली होती, “सांभाळायला नको.”

अशा रीतीने त्या मुलीचे घर कोणते, हे सुट्ट्या पैशांवर येऊन ठेपले. बाईंनी गणपतीनंतर तिची तयारी सुरू केली. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ तेव्हा नुकती ओसरली होती. मुलगी पट्टीवरचे टप्पे भराभर चढू लागली. दुकानातल्या वस्तूंची चित्रे आणि दर लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या तयार झाल्या. ज्या दोन वस्तू लोक नेहमी जोडीने नेतात त्यांच्या एकत्रित दराच्याही. सगळे नीट चालले होते.

आणि मग तो एक रुपया आला.

मी दुकानदार, ती गिऱ्हाईक. साबण वीसचा. तिने वीसची नोट दिली आणि वर एक रुपयाचे नाणे ठेवले. मी नाणे परत केले. तिने ते पुन्हा नोटेवर ठेवले. नंतर आम्ही बाजू बदलल्या: ती दुकानदार झाली, मी शंभराची नोट देऊन साठांची वस्तू घेतली. ती साठांपासून शंभरापर्यंत अचूक चढली, दहाच्या चार नोटा मोजल्या, आणि त्यांच्यावर एक रुपया ठेवून माझ्याकडे सरकवल्या.

“दुकानदाराकडे आता किती कमी झाले?” बाईंनी विचारले.

“काय नाय कमी. पुरे झाले,” ती म्हणाली.

पुढचे काही दिवस असेच गेले. तिची मोजणी निर्दोष असे, आणि शेवटी तो एक रुपया असे. त्याच सुमारास आत्या पेणला येऊन वर्गात बसली. तिने दोन-तीन व्यवहार पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

“अगो बाय, दर गिऱ्हाइकाला रुपया वाटत बसलीस तर माझं दुकान देवळात न्यावं लागंल.”

मुले हसली. मुलगीही हसली, पण बाई हसल्या नाहीत. ‘देवळात’ हा शब्द त्यांनी मनात धरून ठेवला, आणि रविवारी त्यांनी मला मुद्दाम पेणला बोलावले. आम्ही मिनीडोर रिक्षाने त्या खाडीकाठच्या गावी गेलो.

देऊळ लहान होते, पण सभामंडप झाडून स्वच्छ ठेवलेला. मुलगी वडिलांच्या डाव्या हाताला बसली होती. तिच्यापुढे पितळी ताट, त्यात हळदकुंकू आणि विड्याची पाने. गावातली माणसे येत होती. कोणाच्या घरी बारसे, कोणाच्या नव्या होडीची पूजा. प्रत्येक जण पानावर दक्षिणा ठेवी: अकरा, एकवीस, एक्कावन्न. एका तरुणाने पन्नासची नोट ठेवली आणि खिसे चाचपू लागला. मुलीने हाताने त्याला थोपवले, आपल्याच ओच्यातून एक रुपया काढून नोटेवर ठेवला आणि म्हणाली, “आता झालं.”

वडिलांनी मान डोलावली. बाईंनी माझ्याकडे पाहिले. आपल्याकडे शुभकार्यात नुसते पन्नास किंवा शंभर असे पैसे कोणी देत नाही. शून्यावर थांबलेली रक्कम खुंटल्यासारखी वाटते, म्हणून वर एक ठेवायचा, की तिथून पुढे वाढ होत राहो. मी स्वतः जन्मभर तसेच देत आणि घेत आलो आहे. बाईंकडे येण्याआधी ती मुलगी मोजणे असे कधी शिकलीच नव्हती. तिने पैसा प्रथम पाहिला तो त्या ताटात. एकाशिवाय कोणतीही रक्कम तिच्या दृष्टीने पुरी होत नव्हती. जे आम्ही दोष म्हणून मोजत होतो ती तिची श्रद्धा होती, आणि ती तिच्या घरातल्या साऱ्यांची होती.

दुसरा कोणी शिक्षक असता तर म्हणाला असता, ते देवळातले विसर. बाईंनी तसे केले नाही. मंगळवारी मी वर्गात गेलो तेव्हा टेबलावर दोन भांडी शेजारी मांडलेली होती. एक पितळी ताट, पान-सुपारी ठेवलेले. दुसरा पत्र्याचा डबा, वर फट पाडलेला, दुकानातल्या गल्ल्यासारखा.

“हे देवाचं ताट,” बाई म्हणाल्या. “इथं वर एक ठेवायचा. ठेवलाच पाहिजे. आणि हा दुकानाचा गल्ला. इथं जेवढ्यास तेवढे.”

मुलगी दोन्हींकडे पाहत राहिली. तिचा तो वाक्याआधीचा थांबा नेहमीपेक्षा लांबला.

“मग दुकानात देव नाय?”

प्रश्न खरा होता. आत्याच्या दुकानात गल्ल्याच्या वरच तसबीर होती, तिला रोज हार घातला जाई, आणि दिवसाच्या पहिल्या विक्रीचे पैसे आत्या डोळ्यांना लावी. हे मुलीने पाहिलेले होते. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. त्या म्हणाल्या, “हे सर सांगतील. त्यांचा अभ्यास आहे.”

माझा अभ्यास त्या क्षणी फारसा उपयोगी पडला नाही. मोठमोठे शब्द मनात आले आणि मी ते तसेच परत पाठवले. मग म्हणालो, “दुकानात देव आहे. पण देवळात तो घेतो, दुकानात तो फक्त बघतो.”

“काय बघतो?”

“जेवढे ज्याचे तेवढे त्याला मिळते का, ते.”

तिने विचार केला. “रुपया जास्त दिला तर?”

“तो आत्याचा रुपया. आत्याला विचारलंस का?”

“नाय.”

“आणि कमी दिला तर?”

“तो गिऱ्हाइकाचा,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने आपण होऊन रुपयाचे एक नाणे उचलले, ताटातल्या पानावर ठेवले आणि हात पदराला पुसले. मग गल्ल्याकडे वळून मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही काय घेताय?”

बाईंनी त्या दिवसानंतर आठवडेच्या आठवडे ती दोन भांडी शेजारी ठेवून सराव घेतला. कधी मुलीचा हात सवयीने नाण्याकडे जाई. बाई नुसते ताटाकडे बोट करीत. हळूहळू बोटही लागेनासे झाले. मी आयुष्यात अनेक व्युत्पन्न आचार्य पाहिले, त्यांच्या पायांशी बसलो. शिष्याच्या मनात जे आधीच पूजेला बसलेले आहे ते न हलवता त्याच्या शेजारी दुसरे आसन मांडणारे फार थोडे होते. ही मिठागरावरची लेक त्यांच्या पंक्तीत शोभते.

कसोटीची सकाळ दिवाळीच्या तोंडावरची होती. रोह्याची बाजारपेठ पणत्यांनी, रांगोळीच्या रंगांनी आणि पोहे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी फुललेली. आत्या दुकानाच्या आत पोत्यांआड पाटावर बसली. दुपारपर्यंत तिने एक शब्दही बोलायचा नाही असे ठरले होते. बाई रस्त्यापलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर. वडील आले नव्हते. “मला बघवायचं नाय,” असे त्यांनी फोनवर सांगितले होते.

मुलगी गल्ल्यामागे बसली. पुढ्यात पट्टी, बाजूला चकत्यांचे गठ्ठे. गल्ल्याजवळ मोबाईलवरून आलेले पैसे बोलून दाखवणारा छोटा डबा; त्याचाही सराव बाईंनी गेला महिनाभर घेतला होता.

पहिले गिऱ्हाईक वालाचे. तिने पैसे घेतले, आत्यासारखे डोळ्यांना लावले आणि सुट्टे चढत चढत मोजून दिले. एक जाडजूड बाई येऊन घासाघीस करू लागली.

“दोन रुपये सोड गो, सकाळची वेळ हाय.”

“माझे नाय ते. आत्याचे हायेत.”

“मग आत्याला विचार.”

“ती आज बोलत नाय,” मुलगी म्हणाली. पोत्यांआडून खोकल्याचा आवाज आला. त्या बाईने वाकून आत डोकावले, हसली आणि पुरते पैसे मोजून गेली.

एका म्हाताऱ्या गृहस्थाने दहाचे नाणे दिले ते तिने घेतले, तसा शेजारचा फुलवाला ओरडून म्हणाला, “ते चालत नाय गो आता.” तिने नाणे उलटसुलट पाहिले, गल्ल्यात टाकले आणि म्हणाली, “आमच्या वर्गात चालतं.”

ऊन चढले. बाईंनी पाण्याची बाटली हातात धरली होती, पण त्या प्यायल्या नव्हत्या. तेवढ्यात कंपनीची बस समोर थांबली आणि गणवेशातला एक माणूस उतरून धावत दुकानाशी आला.

“मावशी नाय आज?”

“हाय. आत हाय. आज मी हाय.”

“बरं, पापडाचा एक पुडा, मिरगुंडाचा एक. झटकन दे, शिफ्ट हाय.”

तिने जोडीची चकती काढली: एकशे तीस. त्याने डब्यावरच्या चित्रावर मोबाईल धरला, बोटे फिरवली आणि पिशवीला हात घातला. तिने पिशवी धरून ठेवली.

“गेले पैसे. हे बघ, हिरवं आलंय.”

“डबा बोलला नाय.”

“डब्याला रेंज नसंल. मोबाईल बघ ना माझा.”

“मला तुमचा मोबाईल कळत नाय. मला डबा कळतो.”

बसमधून कोणीतरी हाक मारली, “अरे चल की, पापड तळून घेतोस काय?” माणसाचा चेहरा लाल झाला. मागे गिऱ्हाइके थांबली होती. आत्या पाटावरून अर्धी उठली. हा माणूस तिचा नेहमीचा. “अगो, दे त्याला, रोजचा हाय तो—”

बाईंनी पलीकडून तळहात वर केला. मुलीने मागे वळून न पाहताच म्हटले, “आत्या, तू बोलायचं नाय.”

त्या माणसाला हसू आले. “मावशीनं चांगला हवालदार बसवलाय. घे, नोट घे. दोनशे. आन् सत्तर दे, लवकर.”

तिने त्याचे सत्तर ऐकलेच नाहीत. दोनशेची नोट तिने पट्टीच्या बाजूला ठेवली, एकशे तीसमधले शंभर सोडून पट्टीवरच्या तिसावर बोट ठेवले आणि ओठ हलवीत चढू लागली: तीस-चाळीस, चाळीस-पन्नास, आणि मग पन्नास-शंभरला एकच पन्नासची नोट. दहा, दहा, पन्नास. तिचा उजवा हात नाण्यांच्या वाटीवर क्षणभर थांबला. बाईंचा श्वास मला ऐकू आला. हात परत आला, रिकामा. तिने तीन नोटा त्याच्यापुढे ठेवल्या.

“बरोब्बर,” तो म्हणाला आणि पिशवी घेऊन बसकडे पळाला.

बाई पायरीवर खाली बसल्या. मला वाटले, परीक्षा संपली. परंतु पुढची दोन गिऱ्हाइके जातात न जातात तोच डबा खरखरला आणि मोठ्याने बोलला की एकशे तीस रुपये मिळाले.

मुलीने डब्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. बस केव्हाच निघून गेली होती. त्या माणसाचे पैसे दोनदा आले होते. असा प्रसंग वर्गात कधी घडवून पाहिलेला नव्हता. त्यासाठी ना चकती होती, ना टप्पा. बाई उठल्या, एक पाऊल रस्त्यावर टाकले आणि थांबल्या. ते दुसरे पाऊल न टाकणे त्यांना किती जड गेले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

मुलीने गल्ला उघडला. शंभराची एक नोट काढली, विसाची एक, दहाची एक. पट्टीवर मांडून पाहिली. मग पापडाची एक रिकामी पिशवी घेऊन नोटा तिच्यात घातल्या, तोंडाला रबर लावला आणि ती भिंतीच्या खिळ्याला अडकवली.

आत्याला आता राहवले नाही. “अगो, गल्ल्यात राहू दे. उद्या येईल तो, तवा देऊ.”

“गल्ल्यात राहिले की आपले होतात,” मुलगी म्हणाली. “हे त्याचे हायेत.”

आत्याने त्या पिशवीकडे पाहिले, मग भाचीकडे. दुपार व्हायला अजून अवकाश होता, आणि न बोलण्याचा करार तिने केव्हाच मोडला होता. कंबर धरून ती उठली, दुकानाच्या तोंडाशी आली आणि पलीकडे आम्हाला दिसेल असा हात हलवून तिने बाईंना बोलावले. आम्ही रस्ता ओलांडून गेलो.

“हे पन तुम्हीच शिकवलंत?” तिने पिशवीकडे बोट करून विचारले.

“नाही,” बाई म्हणाल्या. “हे मला आज कळलं.”

आत्या आणखी काही विचारील असे वाटले, पण तिने कनवटीचा मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरून भावाचा नंबर लावला आणि बाजारात बोलतात तशा मोठ्या आवाजात बोलू लागली.

“ऐक रे. ती घाटावर जायची नाय. सांगून टाक त्यांना... अरे हो, जमतंय म्हंजे काय, मला गप बसवलीय तिनं माझ्याच दुकानात. माझ्याकडं राहील. देवळात जत्रंला येईल ती, तू काळजी करू नको... ऐकतोयस ना?”

पलीकडून काहीच ऐकू येईना. आत्याने मोबाईल कानापासून दूर करून पाहिला, पुन्हा कानाला लावला. मग तिचा चेहरा मऊ झाला आणि तिने तो भाचीपुढे धरला.

“बाबा हाय तुझा. जेवलीस का, विचारतोय.”

मुलीपुढे एक गिऱ्हाईक पोह्यांसाठी नोट धरून उभे होते. तिने मोबाईलकडे मान वळवली, नेहमीसारखी क्षणभर थांबली.

“बाबा, मी कामावर हाय,” ती म्हणाली. “मागून बोल.”

आणि तिने गिऱ्हाइकाच्या हातातली नोट घेतली.